आबांची पेटी, नातवाचा कॉम्प्युटर

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. जबलपूर. नेपियर टाऊनमधलं उंच छताचं जुनं मराठी घर. पुढच्या खोलीत आबा. गन कॅरिज फॅक्टरीतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण गुरुवारच्या भजनाला पेटी अजून त्यांचीच. मागच्या खोलीत नातू. कानांवर हेडफोन, समोर कॉम्प्युटर, हाताशी चार सप्तकांचा छोटा कीबोर्ड. तासभर झाला, पठ्ठ्या एकच पट्टी दाबतोय. टुंग. माउस जरासा सरकवतो. पुन्हा टुंग.

न राहवून आबा दारात येऊन उभे राहतात.

"काय रे, सूर बिघडलाय का?"

"नाही आबा. बिघडत नाहीये, हीच तर पंचाईत आहे!"

हे घर कुणा एकाचं नाही. पण जबलपुरात मराठी घरं पिढ्यानपिढ्यांची आहेत. १७८१ मध्ये इथे सागरच्या मराठ्यांचा अंमल आला, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा, आणि १८१७ मध्ये इंग्रजांचा. मग रेल्वे, कारखाने आणि कचेऱ्यांच्या नोकऱ्यांनी आणखी घरं आणून वसवली. अशा घरातून पेटी निघते आणि हल्ली कॉम्प्युटरही निघतो. म्हणून आबा आणि नातू हे दोघं आपल्या ओळखीचेच समजा.

तर नातवाचं चाललंय काय? त्याला कॉम्प्युटरवर एक जुना आवाज तयार करायचाय. सत्तरच्या दशकातल्या इलेक्ट्रिक पियानोचा. नावानं ओळखत नसाल, पण कानानं नक्की ओळखता. संथ, रात्रीच्या मूडचं गाणं. मागे पियानोसारखं काहीतरी वाजतंय, पण पियानोइतकं खणखणीत नाही. गोल, मऊ, किंचित काचेसारखं. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला एक बारीक ‘टिंग’, आणि मागे लांबत जाणारा, हळूच थरथरणारा नाद. पाण्याखाली कुणी घंटा वाजवावी तसा. तोच तो.

आज हा आवाज करायला वाद्य लागत नाही. कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअर सिंथेसायझर नावाचा प्रोग्रॅम घालायचा. पडद्यावर बटणं आणि खटके दिसतात, ते फिरवून हवा तो आवाज घडवायचा. काही चांगले प्रोग्रॅम चक्क फुकट मिळतात. म्हणजे पैशाची अडचण नाही. अडचण वेगळीच आहे. कॉम्प्युटर सूर इतका बिनचूक काढतो की तो जुन्या पियानोसारखा लागतच नाही. जुना पियानो काय चुका करायचा, हे आधी माहीत हवं.

त्यासाठी थोडं मागे जायला हवं. थेट दुसऱ्या महायुद्धात.

अमेरिकेत हॅरॉल्ड ऱ्होड्स नावाचे एक पियानो शिकवणारे मास्तर होते. जन्म १९१०. युद्धात ते हवाई दलात गेले. तिथल्या इस्पितळात जखमी सैनिक महिनोन्‌महिने खाटेवर पडून असायचे. शरीर बरं होत होतं, मन मात्र खचलेलं. ऱ्होड्सना वाटलं, यांना पियानो शिकवावा. बोटांना व्यायाम, मनाला विरंगुळा. पण पियानो खाटेवर कसा न्यायचा?

उत्तर भंगारात सापडलं. मोडीत निघालेल्या बी-१७ बॉम्बर विमानांमध्ये ॲल्युमिनियमच्या नळ्या असत. ऱ्होड्सनी त्यांचे लहान-मोठे तुकडे कापले, ते छोट्या हातोड्यांनी वाजतील अशी रचना केली आणि २९ पट्ट्यांचा इवलासा पियानो बनवला. मांडीवर मावेल एवढा. वीज नाही, वायर नाही. पडल्या पडल्या वाजवायचा. बॉम्ब टाकणाऱ्या विमानाच्या आतड्यांतून पोळलेल्या, मोडलेल्या पोरांसाठी सूर निघाले!

आबांना ही गोष्ट सांगितली तर ती त्यांना लगेच पटेल. जबलपूर हे कारखान्यांचं गाव. गन कॅरिज फॅक्टरी १९०४ पासूनची. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना महायुद्धाच्याच काळातला. १९६९ मध्ये त्यात व्हेइकल फॅक्टरीची भर पडली. लष्कराची ती प्रसिद्ध ‘जोंगा’ गाडी आठवते? तिचं नावच मुळी ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरिज असेंब्ली’च्या आद्याक्षरांचं. धातूच्या तुकड्यातून काय काय निघू शकतं, हे अशा गावाला कुणी शिकवायला नको.

युद्ध संपलं. ऱ्होड्सनी पियानोचा नाद सोडला नाही. १९५९ मध्ये इलेक्ट्रिक गिटारवाल्या लिओ फेंडरशी त्यांनी भागीदारी केली. १९६५ मध्ये फेंडरची कंपनी सीबीएसनं विकत घेतली, आणि मग ७३ पट्ट्यांचा तो ‘फेंडर ऱ्होड्स’ बाजारात आला. पुढची पंधरा-वीस वर्षं जॅझवाल्यांपासून पॉपवाल्यांपर्यंत सगळ्यांनी तो वाजवला. वजन सुमारे ६० किलो. दोन माणसं आणि एक जिना म्हणजे भांडणाला निमित्त!

या वाद्याच्या पोटात काय असतं ते जरा नीट बघू, कारण नातवाची सगळी डोकेफोड तिथेच आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा आठवा. दोन पायांचा चिमटा. एक पाय ठोकला की दोन्ही थरथरतात आणि स्वच्छ सूर निघतो. ऱ्होड्समध्ये प्रत्येक पट्टीला असा एक नादकाटा आहे, पण वेडावाकडा. त्याचा एक पाय म्हणजे बारीक पोलादी काडी, दुसरा पाय म्हणजे जाड धातूची पट्टी. पट्टी दाबली की रबरी टोकाची हातोडी काडीवर बसते. काडी थरथरते. जाड पाय तिला साथ देतो आणि नाद लांबवतो. काडीच्या टोकासमोर तारेचं वेटोळं गुंडाळलेला लोहचुंबक असतो, इलेक्ट्रिक गिटारमध्ये असतो तसाच. काडी त्याच्यासमोर हलली की वेटोळ्यात वीज खेळते, ती ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि स्पीकरमधून सूर बाहेर येतो. काडीवर एक छोटीशी स्प्रिंग चढवलेली असते. ती मागेपुढे सरकवली की सूर चढतो किंवा उतरतो.

आता गंमत बघा. काडी लोहचुंबकाच्या अगदी बरोबर मध्यासमोर असेल, तर ती वर गेली काय नि खाली गेली काय, चुंबकाला सारखंच. एका हेलकाव्यात वीज दोनदा कमीजास्त होते आणि कानाला वरच्या सप्तकातला सूर जोरात ऐकू येतो. काडी मध्यापासून जराशी वर ठेवली की मूळ सूर भरून येतो. हा फरक केसाएवढ्या अंतराचा. म्हणजे ऱ्होड्सचा तो सुप्रसिद्ध गोलवा काडी ‘बरोबर’ जागी ठेवून मिळत नाही, थोडी चुकवून मिळतो. शिवाय हातोडी जोरात बसली की काडी चुंबकाच्या फार जवळून झोकांडते आणि आवाज किंचित फाटतो, गुरगुरतो. हळू वाजवला तर गाय, जोरात वाजवला तर वाघ.

आणि तो ‘टिंग’? तोही काडीचाच. एका टोकाला घट्ट धरलेली धातूची पट्टी ठोकली तर तिच्यातून एकच सूर निघत नाही. मूळ कंपनाच्या सुमारे सव्वासहा पट वेगाचं दुसरं कंपनही निघतं. सव्वासहा पट म्हणजे कुठल्याच सप्तकात धड न बसणारा सूर. म्हणून तो सूर वाटत नाही, धातू वाटतो. तो लगेच विरतो आणि मागे मऊ नाद उरतो.

इथे आबांनी हात वर करायला हरकत नाही. कारण पेटीतही तेच आहे! पेटीतलं रीड म्हणजे एका टोकाला धरलेली पितळी पट्टीच. मग पेटी ‘टिंग’ का करत नाही? कारण रीडला कुणी ठोकत नाही, वारा त्याला सतत ढकलत राहतो. सतत ढकलल्या जाणाऱ्या पट्टीला मनमानी करता येत नाही. तिचे सगळे वरचे सूर मूळ सुराच्या शिस्तीत, दुप्पट, तिप्पट, चौपट असे बसतात. झोका ढकलत राहावा तसं. ठोकून सोडून दिलेली पट्टी मात्र मोकाट सुटते.

पेटीचा आणखी जवळचा भाऊ म्हणजे वुर्लिट्झर कंपनीचा इलेक्ट्रिक पियानो. तो १९५० च्या दशकातला. त्यात चक्क पोलादी रीडं होती आणि हातोडी त्यांच्यावर बसायची. सूर लावायची रीतही ओळखीची. रीडच्या टोकावर डाखाचा थेंब असे, तो कानशीनं घासला की टोक हलकं होऊन सूर चढायचा. पेटी दुरुस्त करणारा कारागीर रीडचं टोक खरवडून सूर चढवतो, तेच तंत्र. अमेरिकेतल्या अंध गायक-वादक रे चार्ल्सनं १९५९ मध्ये गाजवलेल्या एका गाण्यात हाच वुर्लिट्झर वाजतो.

इतकं सगळं असूनही हे पियानो गेले. कसे गेले, ती गोष्ट मजेची आहे आणि जरा क्रूरही.

१९६७ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचा संगीतकार कॉम्प्युटरवर आवाज काढून बघत होता. सुराला आंदोलन देत होता. गवई कोमल गंधार हलवतो, सतारिया तार ओढून गमक घेतो, तसंच. सेकंदाला पाच-सहा वेळा सूर हलवला की कानाला आंदोलन कळतं. चाउनिंगनं वेग वाढवला. वीस वेळा, शंभर वेळा, हजार वेळा. आणि एका टप्प्यावर आंदोलन नाहीसंच झालं! कान हलणं मोजू शकेना. त्याऐवजी सुराचा पोतच बदललेला ऐकू येऊ लागला. बासरीसारख्या साध्या लहरीतून घंटा निघाली, तुतारी निघाली. दोनच साध्या लहरी. एक वाजते, दुसरी तिला हलवते. एफएम रेडिओतल्या एफएममागचं तत्त्व हेच. फक्त इथे ते बातम्या पोचवायला वापरायचं नाही, आवाज घडवायला वापरायचं.

विद्यापीठानं ही युक्ती अमेरिकेतल्या ऑर्गनवाल्या कंपन्यांना दाखवली. त्यांना ती कळली नाही. जपानच्या यामाहाला कळली. १९८३ मध्ये यामाहाचा ‘डीएक्स-७’ बाजारात आला. वजन १४ किलोच्या आसपास. सूर कधी उतरत नाही, काडी कधी तुटत नाही. आणि त्यात कारखान्यातूनच भरून आलेला एक इलेक्ट्रिक पियानो! ऱ्होड्सची नक्कल, पण जास्त चकचकीत, जास्त काचेरी. लाखाहून जास्त डीएक्स-७ खपले. ऐंशीच्या दशकातलं कुठलंही हळवं इंग्रजी गाणं लावा, मागे तोच आवाज. ६० किलोचा ऱ्होड्स उचलणार कोण? १९८४ मध्ये ऱ्होड्सचं उत्पादन बंद पडलं. नकलेनं अस्सलाला घराबाहेर काढलं.

आपल्याकडे नक्कल काही नवी नव्हती. १९५४ चा ‘नागिन’ आठवा. संगीत हेमंतकुमारांचं. ती बीन ऐकून थिएटरात लोक डोलले. पण ती पुंगी नव्हतीच. ते होतं क्लॅव्हिओलिन, फ्रान्समध्ये १९४७ साली निघालेलं विजेवरचं छोटं कीबोर्ड. वाजवत होते कल्याणजी, पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून नावारूपाला आले तेच. जोडीला हार्मोनियमवर रवी. यंत्रातून गारुड्याची पुंगी काढायची तर नुसता सूर पुरत नाही. ती सरकती मींड लागते, श्वास न तोडता चाललेली घुमघुम लागते. गारुडी कसा फुंकतो हे ज्यानं कान देऊन ऐकलं, त्यालाच ते जमणार. पुढे १९७३ मध्ये केरसी लॉर्ड यांनी मिनीमूग सिंथेसायझर मुंबईत आणला. तेही आधी अकॉर्डियन आणि ग्लॉकेनस्पीलचे उस्ताद. ‘आराधना’मधल्या ‘रूप तेरा मस्ताना’तलं अकॉर्डियन त्यांचंच.

पण या कौतुकाच्या नाण्याची दुसरी बाजू गिळायला कडू आहे. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत एकेकाळी साठ-सत्तर वादक एकदम बसत. गोव्याहून आलेले व्हायोलिनवाले, पारशी, बंगाली, मराठी, शीख. सॅबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय अरेंजरांनी त्यांना एका तालासुरात बांधलं. एका गाण्यावर कितीतरी चुली पेटत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कीबोर्ड आले, मग कॉम्प्युटर आले, आणि वीस व्हायोलिनांचं काम एका माणसाच्या दहा बोटांवर आलं. व्हायोलिनवाल्याला कुणी ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं नाही. फक्त बोलावणं येईनासं झालं. मागच्या खोलीतल्या नातवाच्या पडद्यावर फुकट उतरलेलं हे वाद्य कुणाच्या तरी रोजीवरून चालत आलंय, हे आबांनी त्याला एकदा सांगायला हवं.

आणि नातवानं आबांना काय सांगायला हवं? हे, की तोच कॉम्प्युटर नसता तर आपण जबलपुरात बसून हे करूच शकलो नसतो. १८७० मध्ये हावड्याहून आलेला आणि मुंबईहून आलेला असे दोन रेल्वेमार्ग जबलपूरलाच एकमेकांना भेटले. संगीतात काही करू पाहणाऱ्या इथल्या पोराला पुढची शंभर वर्षं एकच सल्ला मिळायचा: गाडीत बस आणि मुंबईला जा. तिथे ओळख काढ, स्टुडिओच्या दाराशी उभा राहा. आता गाडीत बसायचं की नाही, हे त्याला ठरवता येतं. दोघांचंही बरोबर आहे. हा वाद एका गुरुवारी मिटणारा नाही.

तेव्हा कामाला लागू. नातवाच्या कॉम्प्युटरवर ‘डेक्स्ड’ नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, त्या डीएक्स-७ चीच पडद्यावरची प्रतिकृती. त्यात सहा लहरी आहेत. कोणी वाजायचं आणि कोणी कोणाला हलवायचं, याच्या ३२ मांडण्या. नातू पाचव्या क्रमांकाची मांडणी निवडतो. तीन जोड्या. प्रत्येक जोडीत एक वाजणारी, एक हलवणारी.

पहिल्या जोडीतून तो अंग भरतो. दोन्ही लहरी एकाच कंपनाच्या. हलवण्याचं प्रमाण थोडंच. सूर दाबल्याबरोबर पुरा यायला हवा आणि मग सावकाश उतरायला हवा. पेटीसारखा भाता असेपर्यंत टिकता कामा नये. खालच्या सप्तकातला सूर कित्येक सेकंद लांबतो, वरचा लवकर मरतो. हे प्रमाणही भरावं लागतं, नाहीतर सगळं ऑर्गनसारखं वाजतं.

दुसऱ्या जोडीत ‘टिंग’. इथे हलवणारी लहर वाजणारीच्या १४ पट वेगाची. पेटीतली मधली पांढरी एक सेकंदाला सुमारे २६१ वेळा कंप पावते. तिच्या चौदा पट म्हणजे साडेतीन हजारांच्याही वर. इतक्या वरचं हलणं कानाला धातूच्या ठिणगीसारखं लागतं. मात्र हे हलवणं अर्ध्या सेकंदाच्या आत विरायला हवं. रेंगाळलं तर पियानोची देवघरातली घंटा होते. खरी काडी सव्वासहा पटीनं ओरडते आणि इथे चौदा पट घालायचे, हे गणितात बसत नाही. पण कान फसतो, आणि बाजारात कानाचंच राज्य असतं.

मग येतो जोर. या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं बटण हेच, आणि नवशिके नेमके तेच विसरतात. पट्टी जोरात दाबली की आवाज नुसता मोठा होऊन भागत नाही, त्याचा पोत बदलला पाहिजे. म्हणून बोटाचा जोर वाजणाऱ्या लहरीपेक्षा हलवणाऱ्या लहरीला जास्त जोडायचा. हळू दाबलं तर हलवणं कमी, आवाज मऊ. जोरात दाबलं तर हलवणं जास्त, ‘टिंग’ उसळतो आणि अंगही जरा गुरगुरतं. गाय आणि वाघ आठवतात ना? ते इथे येतात.

तिसरी जोडी पहिलीसारखीच, पण सुराला एक केस बाजूला. २६१ च्या शेजारी २६२ वाजलं की सेकंदाला एकदा आवाज फुगतो आणि ओसरतो. डबल रीडच्या पेटीत दोन रीडं तंतोतंत जुळली नाहीत की जो झुळझुळता भास होतो, तोच. पेटीवाला याला कधी दोष म्हणतो, कधी गोडवा. किती म्हणजे गोडवा आणि कितीपुढे दोष, हे सांगणारं बटण अजून कुणी बनवलेलं नाही.

इथवर आलं की एक सुबक इलेक्ट्रिक पियानो तयार होतो. आणि तासाभरानं नातवाला तो आवडेनासा होतो. का? कारण ७३ पट्ट्या, आणि सगळ्या एकाच आईची लेकरं. खऱ्या ऱ्होड्समध्ये प्रत्येक काडीची जागा निराळी. एखादी चुंबकाच्या जरा जवळ, म्हणून भांडखोर. एखादीचं हातोडीचं रबर झिजलेलं, म्हणून कडक. एखादीचा नाद दाबणारा नमदा सैल, म्हणून सूर सोडला तरी शेपूट राहतं.

आणि नेमकं इथेच आबांचं काम निघतं. नातू हेडफोन काढतो, स्पीकर लावतो, सा पासून सा पर्यंत वाजवून दाखवतो. आबा डोळे मिटून ऐकतात.

"छान आहे. पण सगळे सारखेच बोलतायत रे."

"म्हणजे?"

"माझ्या पेटीत खालचा धैवत जरा उशिरा बोलतो. वरचा गंधार मला न विचारता आधीच बोलतो. चाळीस वर्षं झाली, मी वाजवताना धैवताला थोडा आधी दाबतो. तुझ्या या पेटीत सांभाळून घ्यावं असं कुणीच नाही."

नातू पुन्हा बसतो. एका पट्टीला दुसरीपेक्षा किंचित जास्त ‘टिंग’. एखादी केसभर उतरलेली. पट्टी सुटताना नमद्याचा हलका ‘फुस्स’. पट्टी तळाला टेकते तो लाकडी ‘ठप’. ऱ्होड्सच्या सुटकेस मॉडेलमध्ये आवाज एका स्पीकरमधून दुसऱ्यात झोके घेत फिरायचा, तोही झोका घालायचा. मग ॲम्प्लिफायर. जुन्या स्पीकरला अगदी वरचे सूर झेपत नसत, म्हणून वरची धार बोथट करायची आणि जोरात वाजलं की किंचित फाटू द्यायचं. एवढी सगळी मेहनत, आणि ती वाद्य बिघडवण्यासाठी! ज्या दोषांना कंटाळून लोकांनी ऱ्होड्स विकून डीएक्स-७ घेतला, तेच दोष आता एकेक करून, चमच्यानं मोजून, परत घातले जातात.

मास्तर ऱ्होड्सना या सगळ्याचं काय वाटलं असेल? १९८७ मध्ये त्यांचं नाव जपानच्या रोलँड कंपनीकडे गेलं, आणि त्या नावानं काड्या नसलेले, चिपवर चालणारे पियानो निघाले. मास्तरांना ते पसंत नव्हते. १९९७ मध्ये, वयाची ८५ उलटून गेल्यावर, त्यांनी नावाचे हक्क परत मिळवले. डिसेंबर २००० मध्ये ते गेले. खऱ्या काड्यांचा नवा ऱ्होड्स पियानो २००७ मध्ये आला, आणि २०२१ मध्ये आणखी एक. म्हणजे नकलेनं घराबाहेर काढलेला अस्सल पाहुण्यासारखा का होईना, परत आला.

जबलपुरात रात्रीचे अकरा वाजलेत. नातवाचा पियानो जवळजवळ झालाय. शेवटची एकच गोष्ट उरलीय, गुणगुण. जुन्या वाद्याची वायर लावली की कुणी वाजवत नसतानाही स्पीकरमधून घरच्या विजेची एक बारीक गुणगुण येत राहते. ती अगदी तळाशी, ऐकू येईल न येईल इतकी, घालायची. पण कुठली घालायची? अमेरिकेत वीज सेकंदाला ६० हेलकावे घेते, आपल्याकडे ५०. पियानो अमेरिकेतला, तर गुणगुणही तिकडचीच हवी, असं नातवाचं म्हणणं.

आबांना ते मुळीच मान्य नाही. मध्य प्रदेशच्या वीज मंडळाचं मुख्यालय ज्या गावात वसलं, त्या गावात राहून साठ हेलकाव्यांची वीज वापरायची? "पन्नासच घाल," ते म्हणतात, आणि पेटीचं झाकण लावून झोपायला जातात.